बाकीचं कुठं जातं?

रद्दीवाला महिन्यातून एकदा येतो, काटा लावतो आणि आमच्या वर्गातले पेपर उचलून नेतो. किस्से मात्र तो नेत नाही! ते आपले साठतच जातात. कुठे लग्नाला गेले, हळदीकुंकवाला गेले की बायका धरतातच, "बाई, तुमच्या त्या पेपरच्या वर्गातलं काहीतरी सांगा ना!" मग मी दोन-तीन सांगते, सगळ्या हसतात आणि मी तिथेच थांबते. कारण त्यापुढचं सांगायचं तर नर्मदाताईंना मध्ये आणावं लागतं, आणि त्या आल्या की हसणं जरा बाजूला ठेवावं लागतं. आज सगळंच सांगते. बसा.

आधी वर्गाबद्दल. पनवेलच्या एका मराठी शाळेत मी उभं आयुष्य इंग्रजी शिकवलं. रिटायर झाले आणि घरात करमेना. तळ्याजवळच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. ग्रंथपाल म्हणाले, "खोली घ्या, वर आदल्या दिवशीचे इंग्रजी पेपर पण घ्या. खाली त्यांना कोणी हात लावत नाही." असा आमचा दुपारचा वर्ग सुरू झाला. व्याकरणाचं पुस्तक नाही, परीक्षा नाही. फक्त शिळे पेपर, मोबाइलवरच्या बातम्या आणि खेळ. सुरुवातीला नव्या विमानतळावर नोकरी लागेल म्हणून तरणी पोरं आली आणि आठवड्याभरात पळाली. टिकली ती मोठी माणसं.

वर्गाचा नियम एकच. एकाने बातमी वाचायची, मग पेपर पालथा घालून ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची. बाकीच्यांच्या हातात तीच बातमी. सांगणाऱ्याने पदरचं काही घातलं किंवा काही गाळलं, की हात वर करून सगळ्यांनी ओरडायचं, "करेक्शन!" इंग्रजी चुकलं तर एक वेळ चालेल. बातमी चुकलेली मला चालत नाही. माझा स्वभावच मेला तसला आहे. आमचे हे पाहुण्यांना काही सांगायला लागले की अर्ध्या वाक्यात माझा हात वर जातो!

* * *

या नियमाने सगळ्यात जास्त छळलं ते सलमाभाभींना. भाभी मोहल्ल्यात ब्लाउज शिवतात. नातवंडं दुबईत, फोनवर इंग्रजीच फाडतात, म्हणून त्या यायला लागल्या. एकदा त्यांच्या वाट्याला नेरे गावाच्या बाजूच्या एका फार्महाउसची बातमी आली. बिबट्या आला, कुत्रा घेऊन गेला. चार ओळींची बातमी.

भाभी उभ्या राहिल्या. बिबट्या गेटवरून आला. मालक झोपला होता. त्याची बायको ओरडली. बिबट्याने तिच्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं...

"करेक्शन!" कदमकाका ओरडले. "बायको नाही बातमीत."

"फार्महाउस आहे तर बायको असणार ना?"

"भाभी, जेवढं छापलंय तेवढंच," मी म्हटलं.

"तौबा! मॅडम, इतकी अळणी खबर कोण वाचणार? म्हणून तर खाली कोणी हात लावत नाही तुमच्या पेपरला!"

कदमकाका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले. त्यांना 'करेक्शन' हा शब्द फार आवडला. घरी पण वापरायला लागले. काकूंनी दोन दिवस जेवण वाढून दिलं, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काका वर्गात येऊन म्हणाले, "मॅडम, हा नियम घरी नेण्यासारखा नाही." तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. ते वाक्य पुढे मला कितीदा तरी आठवलं.

* * *

नर्मदाताई आल्या तेव्हा वर्ग भरलेला होता. दारात कोणी तरी उभं आहे हे आधी वासाने कळलं. बाजार उरकून तशीच आलेली, मासळीची पाटी खाली वॉचमनकडे ठेवलेली, हात तेवढे धुतलेले.

"हितं इंग्लिश शिकवतात काय?"

मी म्हटलं, "या ना, बसा. पण पेपर कालचा आहे हं."

"पेपर शिला चालल. मासली नाय चालत."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत, खुर्चीच्या कडेवर टेकल्या. नवीन माणसाला मी विचारतेच, तसं विचारलं, "इंग्रजी कशाला शिकायचंय?" कोणी नातवंडांसाठी म्हणतं, कोणी मॉलमध्ये लाज वाटते म्हणून. नर्मदाताईंनी पदराने तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा, नितीन, परदेशातल्या मालवाहू बोटीवर फिटर होता. नवरा पोर लहान असतानाच गेला, मासळी विकून त्यांनी त्याला शिकवलेला. बोटीत चोरीचं तेल सापडलं म्हणून तिकडच्या सरकारने बोट धरली आणि कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना आत टाकलं. केस कोर्टात उभी होती. तिकडचा वकील अधूनमधून फोन करायचा, इंग्रजीत. बोलायचा कोण, तर पुतण्या, प्रमोद. तो द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर, त्याला इंग्रजी येतं.

"वकील बोलतो बोलतो, परमोद हां हां करतो. आमची डाळ शिजून होते तवापरत बोलतात. मंग फोन ठेवतो नि मना सांगतो, काकी, सगला बरा हाय." त्या माझ्याकडे बघत होत्या. "इतका येल बोलला, नि इतकाच? बाकीचं कुठं जातं, मॅडम?"

कदमकाकांनी हातातला पेपर घडी करून ठेवला.

"घरात सासू हाय म्हातारी. ती रोज इचारते, नातू कदी येल. तिला काय सांगू? मना इंग्लिश नको. मना बाकीचं पायजे."

मी इतकी वर्षं शिकवलं. इंग्रजी कशाला हवं याची उत्तरं हजार वेळा ऐकली. हे नव्हतं ऐकलं. मी फळ्याकडे वळले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पहिल्याच दिवशी ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

* * *

आमचा एक खेळ आहे, हेडलाइनचा. आपला कालचा दिवस पेपरात छापायचा झाला तर त्याची हेडलाइन काय होईल? ती इंग्रजीत करायची. चार-पाच शब्दांत.

कदमकाकांची ठरलेली: "वाइफ अँग्री, रीझन अननोन!" त्यावर सलमाभाभी हात वर करून, "करेक्शन! रीझन सगळ्या पनवेलला नोन आहे!"

भाभींची एकदा आली, "थ्री ब्लाउज, नो पेमेंट, ओन्ली प्रॉमिस."

नर्मदाताई पहिल्या दिवसांत गप्प बसायच्या. शब्द मात्र उचलायच्या भराभर. बाजारात बसून मासळीच्या कागदावरचं इंग्रजी वाचायच्या. एकदा एका बाईला पापलेट बांधून दिलं आणि मग कागद परत मागितला, त्यावरची बातमी अर्धीच वाचून झाली होती म्हणून! बाईने दुसरा कागद द्या म्हणून हुज्जत घातली. ताईंनी दुसरा दिला, वर चार कोलंब्या जास्तीच्या घातल्या, पण पहिला कागद सोडला नाही.

मग एक दिवस त्यांनी आपणहून हात वर केला. हेडलाइन सांगितली.

"ओल्ड लेडी आस्क एव्हरी डे. नो आन्सर."

मी सवयीने म्हणाले, "व्हेरी गुड!"

"करेक्शन," नर्मदाताई म्हणाल्या. "गुड काय हाय त्यात?"

मी खाली बसले. त्यानंतर त्यांच्या हेडलाइनला मी कधी व्हेरी गुड म्हटलं नाही.

* * *

दुसरा खेळ टीव्हीचा. मोबाइलवर इंग्रजी बातम्या लावायच्या, आवाज बंद करायचा आणि काय बोलत असतील ते आपण इंग्रजीत बोलायचं. एकदा सहा चौकटींत सहा जण हातवारे करत भांडत होते. कदमकाकांनी मधल्या जाड्या माणसाचं तोंड घेतलं. "हू एट माय टिफिन? आय नो! शिफ्ट बी पीपल एट माय टिफिन!" सलमाभाभी बाजूच्या बाईच्या चौकटीतून, "युवर टिफिन व्हेरी बॅड, नोबडी ईट!"

हसून हसून पुरेवाट झाली. मग मी आवाज लावला. पाच मिनिटं ऐकलं. काका म्हणाले, "मॅडम, बंदच करा. आमचं भांडण निदान कशावरून होतं ते कळत होतं."

पुढची बातमी लागली. आवाज परत बंद. कुठल्या तरी गावातली एक बाई, तिच्या तोंडापुढे चार माइक. तिचे ओठ हलत नव्हते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. काका गप्प, भाभी गप्प.

"मी बोलते," नर्मदाताई म्हणाल्या. बोट त्यांनी बाईवर नाही ठेवलं, माइक धरणाऱ्यावर ठेवलं. "ही मॅन आस्क, हाऊ यू फील? हाऊ यू फील?" मग बोट बाईवर आणलं. "ही काय नाय बोलत. तिला ठावं हाय, याला सांगून काय फायदा."

आवाज लावला. माइकवाला खरंच तेच विचारत होता! कोणालाच टाळी वाजवावीशी वाटली नाही. मी मोबाइल बंद करून ठेवला आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

* * *

नर्मदाताईंना कशाची तयारी करायची आहे हे आता सगळ्यांना माहीत होतं. मग आम्ही खोटा फोन सुरू केला. बातमीत पाच प्रश्नांची उत्तरं असायला हवीत, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकवते. हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय. कोण, काय, कुठे, केव्हा आणि का. नर्मदाताईंनी ते पाच बोटांवर बसवले होते. अंगठा हू, करंगळी व्हाय.

सलमाभाभी वकील झाल्या. कानाला मोबाइल लावून, ऐटीत. "हॅलो, युवर सन इज फाइन, डोंट वरी, ऑल इज फाइन, अल्लाह इज देअर..."

"स्टॉप," नर्मदाताई म्हणाल्या. "फाइन नको. व्हेअर?"

"इन... इन जेल, बट गुड जेल, व्हेरी क्लीन..."

"करेक्शन! जेल गुड नसतो. ही ईट?"

"येस, येस, बिर्याणी..."

"भाभी!" नर्मदाताईंनी मोबाइल खाली ठेवला. "तुमी बी परमोदसारक्याच. खोटा खोटा फोन, त्यात पन गोड बोलता!"

भाभींचा चेहरा उतरला. "क्या करू, ताई? तुमच्याकडे बघून माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. नर्मदाताईच उठल्या, त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "रडून झाला का? आता कदमकाका वकील होतील. त्यांना दया नाय."

कदमकाका खरंच चांगले वकील झाले. कंपनीत मेमो वाचून दाखवावा तशा कोरड्या आवाजात बोलायचे. मला माहीत आहे त्यांना ते किती जड जायचं, कारण वर्ग सुटल्यावर जिना उतरताना ते कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहायचे.

* * *

आता खिडकीचा किस्सा. हा खेळ असा, की एखाद्या बातमीचा एक तुकडा मी कात्रीने कापून काढते. पेपराला चौकोनी खिडकी पडते. तिथे काय असेल ते वरच्या-खालच्या मजकुरावरून ओळखायचं. कापलेला तुकडा माझ्या पर्समध्ये. शेवटी तो काढून दाखवायचा.

त्या दिवशी मला यायला उशीर झाला. बँकेत रांग होती. मी वर पोचले तर वर्ग बसलेला, पण आवाज नाही. सलमाभाभी नखं खातायत. कदमकाका शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवून बसलेत. नर्मदाताई नुकत्याच आलेल्या, त्यांच्या पुढ्यात पेपर. परदेशच्या बातम्यांचं पान. त्या पानाला तळाशी एक खिडकी.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आज खिडकीचा खेल हाय काय?"

मी काही कापलं नव्हतं. मी कदमकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग माझ्या ध्यानात आलं. दोघांनी मी यायच्या आधी बातमी पाहिली आणि ताई यायच्या आत कापून टाकली. मायेपोटीच केलं होतं. पण या वर्गात, एकही ओळ गाळायची नाही असा नियम असलेल्या या वर्गात, त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं! आणि खरं सांगते, मी वेळेवर आले असते तर मीसुद्धा कात्री शोधली असती.

नर्मदाताईंनी पान उचलून डोळ्यांसमोर धरलं. खिडकीतून त्यांचा एक डोळा दिसत होता. आधी तो सलमाभाभींवर फिरला, मग कदमकाकांवर थांबला.

"मी ओलखते," त्या म्हणाल्या. "वरती काय छापलाय? पोर्ट. खाली काय छापलाय? ऑइल. मधी माजा पोऱ्या हाय."

काकांचा हात खिशावर आणखी घट्ट बसला.

"अंगठा, हू. नितीन. व्हॉट, कोर्ट. व्हेअर, मना ठावं हाय." त्या एकेक बोट मिटत होत्या. चौथ्या बोटाशी थांबल्या. "व्हेन? ते खिडकीत हाय. काका, खिशातलं काडा."

कदमकाकांनी खिशातून तुकडा काढला. तुकडा एवढासा, बसच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. नर्मदाताई उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे वाचायचं तर उभं राहूनच वाचायचं. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. बोटीवरच्या लोकांचा निकाल येत्या गुरुवारी लागणार. सरकारी वकिलाने सगळ्यांना कडक शिक्षा मागितली आहे. मग तुकडा पालथा घातला आणि इंग्रजीत सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

आम्ही सगळे ऐकत होतो. एकही हात वर गेला नाही.

"माफ करा, ताई," कदमकाका म्हणाले.

"तुमी काय वाईट नाय केलात," त्या म्हणाल्या. "पन आता कापू नका. मी परमोदला सांगते, गुरवारचा फोन मी घेनार. मॅडम, तुमी याल?"

* * *

गुरुवारी मी कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर सासूबाई जाळं मांडीवर घेऊन बसलेल्या. नजर पूर्ण गेलेली, पण बोटं जाळ्यातली फाटकी जागा बरोबर शोधायची. कान अजून तिखट. मी चप्पल काढतेय तोवर त्यांनी विचारलं, "कोन हाय गो? ती मास्तरीन काय?"

"हो, आजी."

"माज्या सुनंला इंग्लिश येतं आता?"

"चांगलं येतं."

"मंग बरा. परमोद काय सांगतच नाय मना. बरा हाय, बरा हाय, इतकाच. आता ती सांगल." आणि त्या पुन्हा जाळ्याला लागल्या.

प्रमोद आत भिंतीला टेकून उभा होता. गोदामातून रजा टाकून आलेला, दाढी वाढलेली. मोबाइल त्याच्या हातात. रिंग वाजली तेव्हा त्याने एकदा काकीकडे पाहिलं. "काकी, मी घेऊ?" नर्मदाताईंनी हात पुढे केला. त्याने मोबाइल दिला. मी ओट्याच्या उंबऱ्याशी बसले होते, सासूबाईंच्या आणि त्यांच्या मध्ये. स्पीकर लावलेला होता.

वकील भरभर बोलायला लागला.

"सर, स्लो," नर्मदाताई म्हणाल्या. "आय ॲम मदर."

मग तो सावकाश बोलायला लागला. चांगला माणूस असावा.

"हू?" त्यांनी अंगठा मिटला. "माय सन नितीन, ऑर ऑल मेन?"

"ऑल मेन, मदर."

"व्हॉट?"

"गिल्टी. द कोर्ट सेज गिल्टी. सेव्हन इयर्स. आय ॲम सो सॉरी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हललं नाही. त्यांनी दुसरं बोट मिटलं. सात वर्षं. प्रमोदने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर सासूबाईंची सुई चालू होती.

"व्हेअर?"

त्याने तुरुंगाचं नाव सांगितलं. तो लांब होता, वाळवंटात. नर्मदाताईंनी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून पाहिलं.

"व्हेन कम होम?"

वकील अपिलाबद्दल बोलला. करू, पण वेळ लागेल, आणि खोटी आशा मी देणार नाही, असं स्पष्ट म्हणाला. ताई मध्ये बोलल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

आता करंगळी उरली होती.

"सर," त्या म्हणाल्या, "व्हाय? ही ओन्ली फिटर."

त्यावर पलीकडून काहीच आलं नाही. मी मोबाइलकडे बघत राहिले. फोन तुटला की काय असं वाटायला लागलं. मग वकील अगदी हळू म्हणाला, "आय डोंट नो, मदर."

"ओके," नर्मदाताई म्हणाल्या. "थँक यू, सर. यू टेल ऑल. थँक यू."

फोन ठेवला. करंगळी तशीच उघडी राहिली होती. त्या प्रमोदकडे गेल्या. तो अजून भिंतीकडे तोंड करून होता, खांदे हलत होते. त्यांनी त्याला आपल्याकडे वळवलं, लहान मुलाचं पुसावं तसं पदराने त्याचं तोंड पुसलं.

"तू हे सगला एकटा ऐकत व्हतास काय रं?" त्या एवढंच म्हणाल्या.

ओट्यावरची सुई थांबली.

"नर्मदे," सासूबाईंनी हाक मारली. "काय बोलला गो वकील?"

नर्मदाताई उंबऱ्यापर्यंत आल्या. माझ्या बाजूने वाकून ओट्यावर उतरल्या, सासूबाईंच्या समोर बसल्या. जाळ्याचं एक टोक आपल्या हातात घेतलं.

"बोलला, पोऱ्या बरा हाय, आये. जेवतो टायमावर. कोर्टाचा सगला नीट झाला. शिमग्याला येल."

सासूबाईंनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. न दिसणारे डोळे सुनेच्या आवाजाकडे लावून बसल्या होत्या.

"इतका येल बोललीस," त्या म्हणाल्या, "नि इतकाच?"

"इतकाच, आये."

मी तोंड उघडलं नव्हतं. हात वर केला होता की नुसता हलला होता, मला खरंच आठवत नाही. पण नर्मदाताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाल्या,

"मॅडम. नो करेक्शन."